काचेतलं बाळ आणि दाराबाहेरची आई



या व्यासपीठावर इतिहास, राजकारण, संतसाहित्य यांवर बोलणारी मोठमोठी माणसं येऊन गेली. त्यांच्यामागून मला बोलावलंत, तेही नवजात बाळाच्या टाचेविषयी बोलायला. याला धाडस म्हणतात, आणि ते आयोजकांचं आहे. आत येताना दारातच एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "डॉक्टर, बाळाला सुई टोचली की ते रडतं, दोन मिनिटांनी गप्प होतं, आणि विसरतं. त्यावर तासभर काय बोलणार?" काका, तुम्ही कुठे बसलात दिसत नाही, पण तुमचा प्रश्न हाच माझा विषय. ते खरंच विसरतं का?

आपण टेंभी नाक्यावर बसलो आहोत. इथून चार पावलांवर सिव्हिल हॉस्पिटलची जागा. कागदोपत्री नाव विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून बघा, तो तुम्हाला भलतीकडे नेईल. जुनी इमारत पाडून तिथे मोठं रुग्णालय बांधायला घेतलं, तेव्हा सिव्हिल मनोरुग्णालयाच्या आवारात गेलं. पत्ता बदलला, येणारी बाळं तीच राहिली. शहापूर, मुरबाड, भिवंडीहून 108 च्या गाडीतून आलेली. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी जव्हार-मोखाड्याची बाळंही याच जिल्ह्याची होती. दीड किलोचं, सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ. कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय घ्या, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर किंवा उल्हासनगरचं सेंट्रल घ्या, बाहेर उभ्या नातेवाइकांच्या तोंडी वाक्य एकच असतं: "बाळाला काचेत ठेवलंय."

काचेत ठेवलंय. म्हणजे काय होतं तिथे? सलाईनसाठी शीर शोधतात. ती सापडत नाही, म्हणून पुन्हा टोचतात. साखर बघायला टाचेतून रक्त, कावीळ बघायला टाचेतून रक्त, जंतुसंसर्ग आहे का ते बघायला शिरेतून रक्त. नाकातून नळी. ती चिकटवायला चिकटपट्टी, आणि चिकटपट्टी काढताना तिच्यासोबत निघणारी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ त्वचा. पॅरिस आणि आसपासच्या अतिदक्षता विभागांत 430 बाळांवर पहिले 14 दिवस असं सगळं टिपून ठेवलं गेलं. ते निष्कर्ष 2008 साली छापून आले. प्रत्येक बाळामागे दिवसाला साधारण 10 वेदनादायक क्रिया होत होत्या, आणि त्यांतल्या 79 टक्के वेळा आधी वेदना कमी करण्याचा कुठलाच खास उपाय केलेला नव्हता. लक्षात घ्या, हे पॅरिस आहे. एका सिस्टरकडे दोन-तीन बाळं असण्याचं ठिकाण. आपल्याकडे एका सिस्टरकडे किती असतात ते मी सांगत नाही. समोर काही सिस्टर बसल्यात, त्या हसल्या, तेवढं पुरे.

आता मी तुम्हाला थोडं मागे नेते. ही वेदना डॉक्टरांना इतकी वर्षं दिसली कशी नाही?

आपल्या जुन्या वैद्यकात कौमारभृत्याचा, म्हणजे बालचिकित्सेचा, एक ग्रंथ आहे, काश्यपसंहिता. नेपाळात सापडलेल्या तुटक पोथीवरून तो 1938 साली छापला गेला. त्यात एक अख्खा अध्याय आहे, वेदनाध्याय. ज्याला बोलता येत नाही त्या बाळाला कुठे दुखतंय हे कसं ओळखायचं, एवढाच त्या अध्यायाचा विषय. डोकं दुखत असेल तर बाळ डोकं हलवत राहतं, डोळे मिटून घेतं. कान दुखत असेल तर हात कानाकडे नेतं. असं एकेक दुखणं घेऊन लिहिलंय. आता यावर टाळ्या वाजवून "आमच्याकडे सगळं होतंच" असं म्हणण्याची आपल्याला खोड आहे. कृपा करून नको. त्या पोथीत निदान आहे, आजच्या काचेच्या पेटीतल्या सातव्या महिन्याच्या बाळाचा तिथे पत्ता नाही, कारण ते बाळ तेव्हा जगतच नव्हतं. मला त्या अध्यायातली एकच गोष्ट मोलाची वाटते. बाळाला दुखतं की नाही, हा प्रश्नच तिथे पडलेला नाही. कुठे दुखतंय, एवढाच पडलाय.

आधुनिक वैद्यकाला मात्र पहिला प्रश्न पडला, आणि त्याचं उत्तर बराच काळ चुकीचं दिलं गेलं. अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ या अभ्यासक बाईंनी नवजात बाळांना टाचणी टोचून त्यांचा प्रतिसाद पाहिला आणि 1941 साली लिहिलं, की पहिल्या काही दिवसांत तो फारच अंधुक असतो. दुसरा युक्तिवाद मज्जातंतूंचा. बाळाच्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण पुरतं चढलेलं नसतं, तेव्हा वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नसणार. ऐकायला किती शास्त्रीय! पण तुमच्या-माझ्या शरीरातली ठसठसणारी वेदना ज्या बारीक तंतूंतून जाते, त्यांच्यावर आयुष्यभर मायलिन नसतंच. मग आपल्याला दाढदुखी कशी कळते? हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिसरं कारण भीतीचं, आणि ते मी हलकं मानत नाही. इवल्याशा बाळाला भूल दिली तर श्वास थांबेल, रक्तदाब कोसळेल, ही भीती खोटी नव्हती. त्या पिढीतल्या डॉक्टरांना क्रूर म्हणणं सोपं आहे. ते घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला "बाळाला दुखत नाही" हा सिद्धांत फार सोयीचा पडतो.

त्या सोयीची किंमत काय होती? 1985 साली वॉशिंग्टनमध्ये दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मलेल्या एका बाळावर शस्त्रक्रिया झाली. हृदयाजवळची, जन्मानंतर आपसूक बंद व्हायला हवी होती ती रक्तवाहिनी बांधायची होती. बाळाला स्नायू लुळे करणारं औषध दिलं, म्हणजे हलता येऊ नये. भूल दिली नाही. वेदनाशामक दिलं नाही. छाती उघडली. ते बाळ काही आठवड्यांनी गेलं. आईने, जिल लॉसन यांनी, नंतर कागद मागवले, विचारपूस केली, तेव्हा हे उघड झालं. त्या गप्प बसल्या नाहीत. 1986 साली वर्तमानपत्रात हे छापून आलं आणि देश हादरला. त्यांना मिळालेलं उत्तर थोडक्यात असं होतं, की अशा बाळांना वेदना होतात हे सिद्ध झालेलं नाही.

ते सिद्ध करणारा माणूस त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये काम करत होता, आणि तो आपल्या शेजारचा. कंवलजीत सिंग आनंद. इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी. होळकरांचं इंदूर, म्हणजे निम्मं मराठीच. र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेल्या या तरुण डॉक्टरला एक गोष्ट खुपत होती. शस्त्रक्रियेला नेताना बरी असलेली बाळं परत येताना इतकी ढासळलेली का असतात? त्याने दोन गट केले. एका गटाला नेहमीची नावापुरती भूल, दुसऱ्याला तीच भूल आणि वर फेंटानिल हे वेदनाशामक. रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांत ती कितीतरी कमी निघाली, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही कमी. 1987 साली हे छापलं गेलं. ज्या औषधाने बाळ मरेल अशी भीती होती, त्यानेच बाळ सावरत होतं! त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजातांनाही भूल दिली पाहिजे असं निवेदन काढलं. 1987. या सभागृहातले निम्मे लोक तेव्हा नोकरीला लागलेले होते. इतकी ही अलीकडची गोष्ट आहे.

मागे आवाज पोहोचतोय ना? ठीक.

आता आतलं यंत्र. यातला थोडा भाग जड आहे, पण तो टाळला तर पुढचं पटणार नाही.

गर्भाच्या सहाव्या महिन्याच्या आसपास, साधारण 24 आठवड्यांपासून, त्वचेतून निघालेला वेदनेचा निरोप मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोहोचण्याची वाट तयार होऊ लागते. मात्र तो निरोप अडवण्याची सोय तयार नसते. मोठ्या माणसात मेंदूकडून मणक्याकडे खाली एक आज्ञा येते, "कळलं, आता पुरे." म्हणून तर घाईत ठेच लागूनही आपण गाडी पकडतो. ही खाली येणारी आज्ञा पूर्ण दिवसांच्या बाळातही कच्ची असते, अपुऱ्या दिवसांच्या बाळात जवळजवळ नसतेच. शिवाय त्याच्या मणक्यात स्पर्शाचे आणि वेदनेचे मार्ग अजून नीट वेगळे झालेले नसतात. एकदा टाच टोचली की आजूबाजूची मोठी जागा हुळहुळी होते, आणि नंतर नुसता लंगोट बदलला तरी ते बाळ दुखल्यासारखं वागतं. तेव्हा "बाळाला कमी कळतं" याच्या नेमकं उलट खरं आहे.

2015 साली ऑक्सफर्डमध्येच काही दिवसांच्या बाळांच्या मेंदूची चित्रं घेतली. पायाला हलकंसं टोचल्यावर मेंदूचे कुठले भाग जागे होतात ते पाहिलं. मोठ्या माणसांत 20 भाग जागे झाले, बाळांत त्यांतले 18. आणि मोठ्यांना जितक्या जोराने टोचावं लागलं त्याच्या चौथाई जोराला!

"पण ते फारसं रडलं नाही हो." हे वाक्य मी आयांकडून, आज्यांकडून आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांकडूनही ऐकते. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ रडेल कुठून? त्याच्यात रडण्याची ताकद नसते. त्याची वेदना चेहऱ्यावर बघावी लागते. भुवया फुगतात, डोळे घट्ट मिटतात, नाकाच्या बाजूची घडी खोल होते. मॉनिटरवर ठोके चढतात, ऑक्सिजन खाली येतो. याची गुणपत्रिका करून वेदना मोजण्याच्या पद्धती गेली तीस वर्षं उपलब्ध आहेत. त्यांतल्या एका पद्धतीत बाळ जितकं अपुऱ्या दिवसांचं, तितके त्याला जास्तीचे गुण देतात, कारण त्याची दाखवण्याची क्षमता कमी. खूप टोचून झालेलं बाळ तर पुढे काहीच दाखवेनासं होतं. गप्प पडून राहतं. राउंडला आलेला माणूस म्हणतो, शांत आहे.

तर काका, विसरतं का?

आपल्याकडे पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लेख लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. मी पूजेवर मत द्यायला आलेली नाही. पण पहिल्या काही दिवसांत काहीतरी लिहिलं जातं, हे मेंदूच्या अभ्यासकांनाही मान्य आहे. 24 ते 32 आठवड्यांच्या काळात मेंदूत रोज नवे धागे जुळत असतात. पुढे मायलिन तयार करणाऱ्या पेशी त्या वेळी फार नाजूक अवस्थेत असतात. त्याच आठवड्यांत बाळ आईच्या पोटात असायला हवं, आणि असतं काचेत. पुन्हा पुन्हा वेदना झाली की ताणाची संप्रेरकं चढतात, रक्तदाब आणि ऑक्सिजन वरखाली होतो, आणि जुळणीच्या कामात अडथळा येतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये रुथ ग्रुनाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी बाळं वर्षानुवर्षं पाहिली. ज्यांना जास्त टोचलं गेलं त्यांच्यात मेंदूच्या पांढऱ्या भागाची आणि आतल्या गाभ्याची वाढ मागे दिसली. तुम्ही म्हणाल, जास्त आजारी बाळालाच जास्त टोचतात, मग दोष आजाराचा की सुईचा? हीच शंका त्यांनाही होती. आजाराचा वाटा हिशेबातून वजा केल्यावरही सुईचा वाटा उरला.

आणि फक्त अपुऱ्या दिवसांच्याच बाळांची ही कथा आहे असं नाही. 1997 साली टोरोंटोच्या ॲना टॅडिओ यांनी पूर्ण दिवसांच्या धडधाकट मुलग्यांचं लसीकरण पाहिलं. ज्यांची जन्मल्यावर सुंता झाली होती, ती मुलं चौथ्या-सहाव्या महिन्यातल्या लसीला न झालेल्यांपेक्षा जास्त कळवळली. सुंतेच्या वेळी बधिर करणारं मलम लावलेली मुलं मलम न लावलेल्यांपेक्षा कमी कळवळली. म्हणजे काय? त्या मुलांना काही आठवत नव्हतं. पण पहिल्या आठवड्यातल्या वेदनेने सहाव्या महिन्यातल्या सुईचा भाव बदलून ठेवला होता.

इथे थांबून एक सांगते, कारण समोर अशी एक-दोन माणसं नक्की असतील ज्यांचं मूल काचेत राहून आलंय. घाबरू नका. हे सगळे निष्कर्ष शेकडो बाळांच्या सरासरीचे आहेत, तुमच्या लेकीची कुंडली नव्हेत. काचेत महिना काढून आलेली, आता बारावीला विज्ञान घेऊन आई-वडिलांना छळणारी मुलं मला भेटतात. बाळाचा मेंदू ज्या लवचीकपणामुळे दुखावतो, त्याच लवचीकपणामुळे सावरतो, आणि त्या सावरण्यात घरच्यांच्या जवळिकीचा वाटा मोठा असतो.

2025 च्या फेब्रुवारीत मेळघाटातून एक बातमी आली होती. 22 दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे 65 चटके. तिथे त्याला डंबा म्हणतात. आपण ठाणेकरांनी ती बातमी चहासोबत वाचली, हळहळलो, "काय ही अंधश्रद्धा" म्हणालो. म्हणायलाच हवं, त्या चटक्यांनी बाळाचं काही भलं होत नाही, झालं तर जीवघेणं नुकसानच. पण मला त्या आकड्याशी दुसरा एक आकडा मांडून बघावासा वाटला. दिवसाला 10, असे 14 दिवस. आमची सुई जीव वाचवते, विळा वाचवत नाही, हा फरक मोठा आहे आणि मी तो पुसत नाहीये. मात्र चटके देणाऱ्याच्या आणि आमच्या मनात एक समजूत सारखीच आहे: बऱ्यासाठी चाललंय ना, मग दुखलं तर दुखू दे.

मग करायचं काय?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या मनात येतं ते औषधाचं. द्या की मॉर्फिन! शस्त्रक्रियेला भूल आणि वेदनाशामक हवंच, त्यात आता वाद नाही. पण रोजच्या टोचाटोचीचं काय? हा प्रयोगही झाला, आणि केला कुणी? त्याच आनंद यांनी. श्वासाच्या यंत्रावरच्या 898 बाळांवरचा हा मोठा अभ्यास 2004 साली आला. सरसकट मॉर्फिन सुरू ठेवल्याने मेंदूतला रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. काही बाळांचा रक्तदाब मात्र उतरला. 2018 साली ऑक्सफर्डमध्ये डोळ्यांच्या तपासणीआधी मॉर्फिन देऊन पाहिलं, तर श्वासाच्या त्रासामुळे तो प्रयोग 31 बाळांवरच थांबवावा लागला. ज्या माणसाने वेदनाशामकासाठी जगाशी भांडण केलं, त्यानेच पुढे त्याची मर्यादा छापून दाखवली. मला हा माणूस यासाठी जास्त आवडतो.

दुसरं उत्तर साखरेचं. जिभेवर गोड पाण्याचे काही थेंब ठेवून दोन मिनिटांनी टोचलं तर बाळ कमी रडतं. हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण 2010 मध्ये लंडनमध्ये मेंदूचे संकेत मोजले तेव्हा चेहरा शांत दिसला, मेंदूतला वेदनेचा संकेत होता तेवढाच राहिला. म्हणून साखर वापरावी, पण तिच्या भरवशावर जास्त टोचू नये. हे काम रुग्णालयातलं आहे, मोजून करायचं. घरी जाऊन कुणी मधाचं बोट लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो.

तिसरं उत्तर फार साधं आणि म्हणूनच अवघड: कमी टोचा. सकाळी एक तपासणी, दुपारी दुसरी, रात्री तिसरी असं न करता एका वेळी रक्त घ्या. ही तपासणी आज खरंच हवी आहे का, की कालच्या कागदावर लिहिली होती म्हणून? दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर तिसरा प्रयत्न शिकाऊ हाताने करायचा नाही, अनुभवी सिस्टरला हाक मारायची. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, ते शिरेलाही लागू आहे. आणि उलट टोकही सांगते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दुखते, म्हणून ती टाळाल तर मूल आंधळं होऊ शकतं. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाची ती साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत व्हायलाच हवी. बधिर करणारे थेंब घालून, गुंडाळून, गोड पाणी देऊन करा, पण करा.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. वेदनेवरचं सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सुरक्षित आणि सगळ्यांत कमी वापरलेलं औषध त्या विभागाच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलेलं असतं. चपला काढून. हातात दुधाची वाटी घेऊन. कुणीतरी हाक मारेल म्हणून. आई.

2000 साली अमेरिकेत धडधाकट नवजातांवर हे पाहिलं गेलं. टाचेतून रक्त घेताना बाळ आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवलं तर रडणं 82 टक्क्यांनी कमी झालं. ब्याऐंशी टक्के! एखाद्या कंपनीने असं औषध काढलं असतं तर ठाणे स्टेशनबाहेर फलक लागले असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांतही हा फायदा दिसला. अंगावर पाजता पाजता टोचलं तरी वेदना कमी होते. नुसता हात फिरवला तरी? होय, तेही मोजलंय. ऑक्सफर्डच्या 2018 च्या अभ्यासात सेकंदाला साधारण 3 सेंटीमीटर वेगाने पायावर मऊ कुंचला फिरवला आणि मग टोचलं, तर मेंदूतला वेदनेचा संकेत उतरला. जास्त वेगाने फिरवला तर उतरला नाही. साखरेला जे जमलं नव्हतं ते या मऊ स्पर्शाला जमलं. आणि 3 सेंटीमीटर म्हणजे किती? आजीला पट्टी देऊ नका, तिला नुसतं "बाळाच्या अंगावरून हात फिरवा" म्हणा. साधारण तोच वेग निघेल.

मग आई बाहेर का? "इन्फेक्शन होईल." याचं उत्तर आपल्या मुंबईतच चाळीस वर्षांपूर्वी मिळालंय. धारावीच्या शेजारच्या शीव हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्याकडे नवजात विभाग होता. माणसं कमी, बाळं जास्त, आणि जंतुसंसर्गाने जाणारी बाळं पुष्कळ. त्यांनी आयांना आत घेतलं. बाटल्या आणि वरचं दूध बंद केलं. बाळाची देखभाल आयांना शिकवली. ज्यांना बाहेर ठेवून संसर्ग थांबत नव्हता, त्यांना आत घेऊन तो आटोक्यात यायला लागला. 1989 साली त्याच रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. इकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरवले. ते 1999 साली जगासमोर आलं. दोन्हीकडे एकच गोष्ट झाली. डिग्री नसलेल्या बाईच्या हातावर विश्वास ठेवला गेला.

2021 साली तर आणखी पुढचं कळलं. भारत आणि आफ्रिकेतले चार देश, मिळून पाच रुग्णालयं. 1 ते 1.8 किलोची बाळं. एका गटात नेहमीची पद्धत: आधी स्थिर होऊ दे, मग आईकडे. दुसऱ्या गटात जन्मल्यापासून लगेच आईच्या छातीवर, आणि आईची खाट अतिदक्षता विभागातच. दुसऱ्या गटात मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. प्रयोग वेळेआधी थांबवला, कारण पहिल्या गटाला आईपासून दूर ठेवणं योग्य ठरेना.

सरकारनेही 2017 साली मार्गदर्शक सूचना काढल्या, की आजारी नवजाताच्या विभागात कुटुंबाला सहभागी करून घ्या. कागद उत्तम आहे. अडतं कुठे? जागेत अडतं. बाळं ठेवायच्या दोन वॉर्मरच्या मध्ये सिस्टरच नीट वळू शकत नाही, तिथे आईची खुर्ची कुठे घालणार? मनुष्यबळात अडतं. आणि मनातही अडतं. आई समोर असली की तिसऱ्यांदा टोचताना हात थबकतो. डॉक्टरांना ते नको असतं. माझं म्हणणं, हात थबकावा. तो थबकणं हाच उपचार आहे. नातेवाइकांनीही एक सांभाळायला हवं. बाळ गेलं की काचा फोडणारी माणसं बाहेर उभी असतील, तर आतला माणूस दार घट्टच लावून घेणार.

ही जी नवी रुग्णालयं आपल्या जिल्ह्यात उभी राहत आहेत, त्यांच्या नकाशात नवजात विभागात आयांच्या खाटा आहेत का, एवढा प्रश्न तुमच्यातल्या नगरसेवकाला ओळखणाऱ्याने विचारावा. भिंती उभ्या राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

आवाजाविषयी टेंभी नाक्यावर उभं राहून बोलणं म्हणजे विस्तवाशी खेळ, पण दोन वाक्यं बोलते. इथली नवरात्र आणि इथली दहीहंडी ठाण्याचं वैभव आहे, आणि रुग्णालयाभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करायची सोय कायद्यात आहे. काचेतल्या बाळाला मोठा आवाज हा वेदनेसारखाच ताण असतो. ठोके चढतात, ऑक्सिजन उतरतो. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर याच विषयावर उच्च न्यायालयात गेले, 2016 साली निकाल आणला. त्यांना किती बोल ऐकावे लागले असतील याची कल्पना मी करू शकते. आणि आमच्या विभागातला आवाजही कमी नसतो बरं. पेटीवर फाईल आपटणारे आम्हीच.

शेवटी घरी करायच्या गोष्टी, कारण काचेत न गेलेल्या बाळालाही सुया आहेतच. जन्मल्यावर व्हिटॅमिन के, बीसीजी, कावीळ-ब. सहाव्या आठवड्याला सरकारी दवाखान्यात तीन: पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियाची आणि पोलिओची. लस चुकवायची नाही. पण बाळाला टेबलावर आडवं धरून, "आई, तुम्ही बाहेर थांबा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. त्याला मांडीवर घ्या, शक्य असेल तर टोचण्याच्या आधीपासून पाजायला लागा आणि नंतरही पाजत राहा. सगळ्यांत जास्त दुखणारी लस शेवटी द्यायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली हेच सांगितलंय, तेव्हा सिस्टर रागावल्या तर माझं नाव न घेता त्यांचं घ्या. बाळाला दुपट्यात गुंडाळून, हातपाय जवळ घेऊन धरलं तरी फरक पडतो. आई बाळंतपणातून उठलेली नसेल तर वडिलांनी शर्टाची बटणं काढावीत; त्वचेला त्वचा लावायच्या कांगारू पद्धतीत बाळाला बाबाची छाती चालते, आजीची चालते. बाराव्या दिवशी कान टोचायचे असले तर त्या आधी ते बाळ पोटभर प्यायलेलं आणि कुशीत असू द्या. आणि ज्यांचं बाळ आत आहे त्यांनी रोज डॉक्टरांना एक विचारा: आज किती वेळा टोचणार, आणि त्या वेळी मला आत घ्याल का? रागाने विचारू नका. रोज मात्र विचारा.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. कल्याण-डोंबिवलीकडची मंडळी आहेत, त्यांना गाडी गाठायचीय, मलाही गाठायचीय. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढे पाठवा. काका, पहिली चिठ्ठी तुमची घेते.